नकार कागदावर द्या : भटक्या-विमुक्तांच्या वस्तीबरोबर नाटक उभं करताना

2025 च्या मे ते सप्टेंबर या काळात भटक्या-विमुक्तांच्या एका वस्तीबरोबर आम्ही सहभागी नाटक उभं केलं. विषय होता जातीचा दाखला. वस्तीचं, तालुक्याचं किंवा कुणाही माणसाचं नाव इथे देत नाही. त्याचं कारण पुढे येईल. असं काम करू पाहणारे गट तालमीच्या खेळांबद्दल खूप विचारतात, पण प्रत्यक्षात अडतात ते कागदांपाशी: संमती कशी घ्यायची, लेखक म्हणून कुणाचं नाव टाकायचं, परिनिरीक्षणाला (जाहीर प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे) काय पाठवायचं, पोलीस परवानगीला काय जोडायचं. हे कागद नाटकाच्या बाहेरचे नाहीत. ज्याची गोष्ट त्याला ती कोणत्याही टप्प्यावर मागे घेता आली पाहिजे, हे एकदा पक्कं केलं की बाकीचे कागद त्या हिशेबाने करावे लागतात. म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

मे

वस्तीतली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं परततात, आणि दिवाळीच्या आसपास टोळ्या पुन्हा हलतात. मधल्या काळात पेरणी, खुरपणी अशी कामं असतात. म्हणजे नाटकासाठी हाती येतात ते मे ते सप्टेंबर, तेही संध्याकाळी सातनंतर. अनुदान देणाऱ्या संस्थांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि पैसे अनेकदा दिवाळीनंतर येतात, तेव्हा वस्ती रिकामी झालेली असते. अर्ज करतानाच वेळापत्रकात ऊसतोडीचा हंगाम लिहावा आणि पहिला हप्ता मेमध्ये मागावा.

वस्तीची इच्छा होती की प्रयोग 31 ऑगस्टला व्हावा. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. पण पंचांग उघडलं तर 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, आणि 31 ला नेमकं गौरी आवाहन. नाटकातल्या निम्म्या भूमिका बायकांच्या. गौरी घरात येणार त्या संध्याकाळी त्या कशा येतील? शिवाय त्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात आणि स्पीकरवाले मंडळांकडे. म्हणून 31 ला वस्तीपुरतं नाट्यवाचन आणि जाहीर प्रयोग पितृपक्षात, असं ठरलं. पितृपक्षात लग्नं-मुहूर्त नसतात, मांडव आणि स्पीकरवाले मोकळे असतात, भाडंही कमी पडतं. ज्यांना तारीख निवडायची मोकळीक आहे त्यांनी हा पंधरवडा जरूर पाहावा.

पहिली बैठक आम्ही बोलावली नाही. बचतगटाच्या बायकांनी बोलावली. एखाद्या पुढाऱ्यामार्फत गेलं की त्याचीच माणसं येतात आणि पुढचे चार महिने त्याच्याच गोष्टी ऐकाव्या लागतात. त्या बैठकीत तीन गोष्टी सांगितल्या आणि लिहूनही दिल्या. एक, या नाटकामुळे कुणालाही दाखला मिळणार नाही. दोन, तालमीला दर संध्याकाळी माणशी 200 रुपये आणि प्रयोगाच्या दिवशी 600 रुपये मिळतील, आणि हे बक्षीस नसून बुडालेल्या वेळेचे पैसे आहेत. तीन, प्रकल्पाला आलेली सगळी रक्कम किती आणि त्यातली आमच्या मानधनाची किती. ही तिसरी गोष्ट सांगायला गट कचरतात. पण वस्तीत पैशाबद्दल शंका येते ती आकडा माहीत नसला की. आकडा भिंतीवर लावला की प्रश्न उघड विचारले जातात आणि उत्तरंही उघड देता येतात.

जून : गोष्टींचं वर्तुळ

एका वर्तुळात दहा-बारा माणसं, त्याहून जास्त नकोत. बायकांचं वर्तुळ वेगळं आणि वेगळ्या जागी. एकजण बोलतं करणारा, एकजण लिहिणारा. पहिल्या दिवशी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं नाही.

सुरुवातीलाच गुप्ततेचं पोकळ वचन देऊ नये. "इथलं इथेच राहील" हे वाक्य तोंडावर येतं, पण ते पूर्ण खरं नसतं. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम 21 खाली गुन्हा आहे. म्हणून वर्तुळ सुरू करतानाच सांगायचं: अशी गोष्ट इथे निघाली तर आम्हाला कळवावं लागेल, आणि आम्ही तुमच्याबरोबर येऊ. सांगणाऱ्याला हे आधी ठाऊक असलं पाहिजे. सांगून झाल्यावर कळलं तर तो त्याला विश्वासघातच वाटेल. दुसरं कलम भारतीय न्याय संहितेतलं 72. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणारा मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. नाव बदललं म्हणजे झालं असं नाही. साठ घरांच्या वस्तीत "विहिरीजवळच्या घरातली धाकटी" एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. खरी नावं आणि गावाचं नाव इथे नाही, ते याचमुळे.

प्रश्न कसे विचारायचे यावर सगळं अवलंबून आहे. "तुमच्यावर काय अन्याय झाला?" असं विचारलं की माणसं भाषण करतात, कारण हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारलेला असतो. त्याऐवजी विचारलं, "शेवटचा कागद तुमच्याकडे कुणी मागितला? कुठे? तेव्हा हातात काय होतं?" लगेच घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर आल्या.

एका संध्याकाळी समाजमंदिराच्या फरशीवर खडूने आडवी रेघ मारली आणि तिच्यावर 21-11-1961 ही तारीख लिहिली. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी वास्तव्याचा पुरावा ज्या तारखेपूर्वीचा लागतो ती विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी ही आहे. अनुसूचित जातींसाठी 10-8-1950, अनुसूचित जमातींसाठी 6-9-1950, इतर मागासवर्गासाठी 13-10-1967. मग ज्याने-त्याने आपले कागद तारखेप्रमाणे रेघेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला ठेवायचे. आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जॉबकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, वीजबिलं. रेघेच्या अलीकडे फरशी भरून गेली. पलीकडे एकही कागद पडला नाही. ज्यांचे आजोबा पालं घेऊन गावोगाव फिरत होते त्यांच्याकडे 1961 च्या आधीचा सातबारा कुठून येणार?

तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, त्यांच्या बापाची रोज हजेरी घेत होते ती वही कुठे गेली? गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, हजेरी लावावी लागायची. कायदा 1952 ला गेला, म्हणजे ती वही 1961 च्या आधीचीच. नाटकाचा कणा तिथेच सापडला. आजोबाला गुन्हेगार म्हणून लिहून घेणाऱ्या सरकारला नातीची जात लिहायला मात्र नोंद सापडत नाही. आम्ही चौघं नाटकवाले महिनाभर विचार करत बसलो असतो तरी हे सुचलं नसतं.

बायकांच्या वर्तुळात वेगळ्याच गोष्टी निघाल्या. बाहेरच्यांनी केलेला अन्याय बाजूला राहिला आणि जात पंचायतीने लावलेले दंड, टाकलेली वाळीत, मोडलेली लग्नं पुढे आली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे हे बहुतेकींना ऐकून माहीत होतं, पण तक्रार करून त्याच वस्तीत राहायचं कसं हा त्यांचा प्रश्न होता. ओळख आणि न्याय यावर काम करणाऱ्या गटांची इथे परीक्षा असते. वस्तीबाहेरच्या अन्यायावर नाटक करणं तुलनेने सोपं. आतल्या अन्यायावर करायचं तर बोलणारी बाई कोण हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. बायकांनीच ठरवलं की या नाटकात ते नको. तालुक्यातल्या तीन-चार वस्त्यांच्या बायका एकत्र आल्या तर गोष्ट कुणाची हे कळणार नाही, तेव्हा करू. तो निर्णय आम्ही त्यांच्या शब्दांत लिहून ठेवला, म्हणजे पुढच्या वर्षी सुरुवात तिथून होईल.

धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं, तो विषय प्रत्येक वर्तुळात निघाला. तो रंगमंचावर आणायचा नाही असं ठरलं. पण त्याचा प्रयोगांवर परिणाम झाला. परक्या गावी प्रयोगाला जाताना आधी पोलीस पाटील आणि सरपंच यांना फोन, पोलीस ठाण्यात नावांची यादी, आणि गाडीत छापील पत्र. वस्तीतल्या पुरुषांनी ही अट घातली आणि ती योग्यच होती.

संमती तीनदा घेतली. गोष्ट सांगितल्यावर, संहिता वाचून दाखवल्यावर, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी. छायाचित्रं आणि चित्रफितीसाठी वेगळी. लिहिता-वाचता येत नसेल तर मजकूर मोठ्याने वाचायचा आणि माणसाने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. ते सांगणं ध्वनिमुद्रित करायचं. नुसता अंगठा घेतला तर त्याला संमती म्हणू नये. संहिता वाचल्यावर दोघांनी आपले प्रसंग काढायला सांगितले. एक प्रसंग फार चांगला होता. तोही काढला.

जुलै : संहिता, मालकी, परिनिरीक्षण

रूप ठरवताना ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल (1931–2009) यांची पद्धत घेतली. छोटं नाटक, ज्यात मुख्य पात्राला काहीतरी ठाम हवं असतं आणि ते मिळत नाही. ते एकदा पूर्ण दाखवायचं. मग पुन्हा सुरू करायचं, आणि प्रेक्षकांपैकी कुणीही "थांबा" म्हणून मुख्य पात्राच्या जागी येऊन वेगळं करून पाहायचं. अटी दोन. पीडलेल्याचीच जागा घेता येते, पीडणाऱ्याची नाही. कारकून एकाएकी चांगला झाला तर शिकण्यासारखं काही उरत नाही. आणि चमत्कार चालत नाहीत: मंत्री मामा निघाला, लॉटरी लागली, असलं काही नाही. सूत्रधार या अटी सांभाळतो. आमच्याकडे हे काम तमाशातल्या बतावणीत मुरलेल्या एका काकांनी केलं. प्रेक्षकाला टोकत-टोकत पुढे नेणं त्यांच्या अंगातच होतं.

विषयाची निवड करताना एक खूणगाठ बांधावी: नाटकात अडवणूक अशा जागी हवी जिथे माणसाला काही करायला वाव आहे. जमाव दगड घेऊन धावून येतो त्या क्षणी प्रेक्षकाला काय करता येणार? खिडकीपुढे उभं राहून मात्र बरंच करता येतं. आमचं मुख्य पात्र अकरावीला प्रवेश घेणारी मुलगी. ती सेतूत जाते, तिथून तहसीलला, तिथून प्रांत कार्यालयात. प्रत्येक ठिकाणी तोंडी नकार. नाटक पंचवीस मिनिटांचं, प्रवेश पाच.

संहिता तयार झाल्यावर मालकीचा प्रश्न. प्रसंग वस्तीतले, संवाद तालमीत सुचलेले, जुळवणी आमची. कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखकत्व मान्य आहे, पण सगळ्यांची नावं टाकली तर नावांमधूनच ओळख फुटते. मार्ग असा काढला: लेखक म्हणून वस्तीतल्या ज्या सहा जणांना नाव हवं होतं ते आणि आमच्यातले दोघे. बाकीच्यांचा वाटा करारात, गोष्टींच्या क्रमांकाने. करार 500 रुपयांच्या मुद्रांकावर, कारण ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभरचा मुद्रांक अशा कामाला पुरत नाही. करारात मुदत आणि प्रदेश न चुकता लिहा. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. आम्ही उलटं केलं: हक्क वस्तीकडे, आमच्या गटाला दोन वर्षं प्रयोगाची परवानगी, आणि कुणी आपला प्रसंग मागे घेतला तर तो पुढच्या प्रयोगापासून बंद.

जुनी शाहिरी गाणी वापरायची असतील तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो हे लक्षात ठेवा. "लोकगीत" म्हणून सगळीकडे गायली जाणारी अनेक गाणी कुणा शाहिराने लिहिलेली असतात आणि त्यांचे वारस हयात असतात. आम्ही फक्त चाली घेतल्या, त्याही वस्तीतल्या पारंपरिक, आणि शब्द नवे बांधले.

मग रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला की पहिली विचारणा त्याचीच होते. संहिता स्वच्छ टंकलिखित, पानांना क्रमांक, पात्रांची यादी, सगळ्या लेखकांची सह्यांनिशी संमती. अडचण ही की असल्या नाटकाचा उत्तरार्ध लिहिलेलाच नसतो. प्रेक्षक काय बोलेल हे आधी कसं लिहिणार? पण पूर्वार्धच पाठवला तर प्रयोगाचा अर्धा भाग प्रमाणपत्राबाहेर राहतो. म्हणून उत्तरार्धही संहितेत लिहिला: सूत्रधाराचं निवेदन शब्दशः, "थांबा" म्हणण्याची पद्धत, वर सांगितलेल्या दोन अटी, अपशब्द किंवा कुणा खऱ्या व्यक्तीचं नाव आलं तर सूत्रधार प्रसंग कसा थांबवेल ते, आणि नमुना म्हणून तीन हस्तक्षेप पूर्ण संवादांसह. दीड पानाची टीपही जोडली, की हा प्रयोगप्रकार काय असतो. वाचणाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न आधीच ओळखून त्याचं उत्तर संहितेत दिलं की पत्रव्यवहार वाचतो. प्रमाणपत्रासाठी किमान दीड-दोन महिने हाताशी ठेवा. प्रमाणपत्र आलं की त्यावरचा क्रमांक जाहिरातीत आणि प्रयोगाच्या सुरुवातीच्या निवेदनात घ्यायचा. पुढे संवाद बदलले तर बदललेला भाग पुन्हा दाखवावा लागतो, म्हणून तालमीत सुधारणा करायच्या त्या संहिता पाठवण्याआधी करून घ्या. जुन्या मंडळींकडून 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचा धाक ऐकायला मिळतो. तो केंद्रीय कायदा 2018 मध्ये रद्द झाला आहे. परिनिरीक्षण मात्र आहे, कारण त्याचा आधार राज्याचा पोलीस कायदा आहे.

ऑगस्ट : तालमी

पावसाळ्यात हलगीचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. शेकायला जाळ लागतो, आणि समाजमंदिरात तो करता येत नाही. बाहेर पत्र्याखाली शेगडी ठेवली, दर प्रवेशानंतर वाद्य शेकून आणायचं. फायबरची हलगी बाजारात मिळते, पाऊस तिला लागत नाही, पण वस्तीतल्या वादकांनी ती नाकारली आणि शेगडीच प्रयोगातही ठेवली. प्रवेश बदलताना वादक उठून जातो आणि येतो, त्या अंतराला सूत्रधार बोलतो. त्यातून लय मिळाली.

कसरती घ्यायच्या की नाही यावर बरेच दिवस वाद चालला. वस्तीतल्या काही घरांची ती पिढीजात कला. तरुण मुलं म्हणाली, दोरीवरच्या उड्या दाखवल्या की गाव पुन्हा आम्हाला खेळ करणारेच म्हणणार. म्हातारी माणसं म्हणाली, कला आमची आहे, लाज कसली? हा वाद बाहेरच्या दिग्दर्शकाने मिटवू नये. आम्ही फक्त एक माहिती पुढे ठेवली: 1959 च्या भिक्षा प्रतिबंध कायद्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ दाखवणं या निमित्ताने पैसे मागणं हेही भीक मागण्यात मोडतं. ते ऐकून मुलांनीच तिसरा प्रवेश नव्याने बांधला. मुलगी कार्यालयात रांगेत उभी आहे, मागे तिचा काका कोलांटी मारतो, टाळ्या पडतात. तो पैशांसाठी ताट फिरवतो आणि पोलिसाची शिट्टी वाजते. तोच माणूस, तीच उडी, आणि गुन्हा. हा प्रवेश दोन मिनिटांचा आहे आणि त्यात एकही संवाद नाही.

कारकुनाची भूमिका वस्तीतल्याच मुलाने केली. पहिल्या तालमींत तो खलनायक झाला, ओरडायला लागला, लोक हसले. असं झालं की नाटक बाद होतं, कारण खऱ्या खिडकीवर कुणी फारसं ओरडत नाही. तिथे थकलेला, नियम माहीत असलेला, वरच्याला घाबरणारा माणूस बसलेला असतो. एका निवृत्त अव्वल कारकुनांना दोन तालमींना बोलावलं. त्यांनी बसायची पद्धत, फाइल सरकवायची पद्धत दाखवली, आणि सांगितलं की नकार देताना नोंद करायची नाही ही खरी खुबी. अर्ज घेतलाच नाही तर नामंजूर केला असं होत नाही. त्या एका सूचनेने चौथा प्रवेश बदलला. संहिता मंडळाकडे गेली होती, म्हणून शब्द तेच ठेवले आणि बदल फक्त हालचालीत केला: मुलगी अर्ज पुढे करते, तो बोटाने परत सरकवतो, पेन उचलतच नाही.

मुलांबद्दल एक नियम कडक पाळला. अठरा वर्षांखालच्या कुणाचीही स्वतःची गोष्ट रंगमंचावर नाही. नाटकातली मुलगी सोळा वर्षांची, पण भूमिका केली बावीस वर्षांच्या बाईने.

सप्टेंबर : परवानग्या आणि प्रयोग

पोलीस ठाण्यातला अर्ज प्रयोगाच्या किमान पंधरा दिवस आधी द्या. सोबत: परिनिरीक्षण प्रमाणपत्राची प्रत, जागेसाठी ग्रामपंचायतीचं ना-हरकत, आयोजकांचे ओळखपत्र, वेळ, अपेक्षित प्रेक्षक, ध्वनिक्षेपकाचा तपशील. पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. "ठेवून जा, फोन करतो" म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. सणांच्या दिवसांत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश लागू असतात. ते साधारणपणे पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात, म्हणून आपल्या तारखेला कोणता आदेश लागू आहे ते आदल्या आठवड्यात पाहावं. ध्वनिक्षेपकाला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. दीडशे माणसांच्या बंदिस्त समाजमंदिरात स्पीकर लागतच नाही. आम्ही फक्त सूत्रधाराला एक माइक दिला, कारण "थांबा" म्हणून उठलेल्या माणसाचा आवाज मागे पोचवायला तो लागतो.

पहिला प्रयोग वस्तीत झाला. अर्धा तास कुणी उठलं नाही. सूत्रधारांनी घाई केली नाही, हे महत्त्वाचं. गप्प बसलेल्या प्रेक्षकाला बोट दाखवून उठवलं तर तो पुन्हा येत नाही. शेवटी एक मुलगा उठला आणि कारकुनाशी भांडला. कारकुनाने शांतपणे खिडकी बंद केली. दुसऱ्याने ओळखीच्या पुढाऱ्याचं नाव सांगितलं, कारकून म्हणाला, "मग त्यांच्याकडूनच आणा दाखला." मग बचतगटाच्या एक काकू उठल्या. मुलीची ओढणी त्यांनी खांद्यावर घेतली, अर्ज पुढे केला. बोटाने परत सरकवल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, नाही म्हणायचं तर म्हणा. पण कागदावर म्हणा. तुमचा नकार घेऊनच मी जाईन." आणि खाली बसल्या, खिडकीपुढे. कारकून झालेल्या मुलाला काय करावं सुचेना. हा हस्तक्षेप संहितेतल्या तीन नमुन्यांत नव्हता, आणि तिन्हींपेक्षा चांगला होता.

सूत्रधारांनी प्रयोग तिथेच थांबवून कायदा सांगितला. जातीच्या प्रमाणपत्राच्या कायद्यात अर्ज नामंजूर झाल्यास तीस दिवसांत अपील करता येतं. पण अपील होतं ते लेखी आदेशावर. तोंडी नकारावर अपील नाही. म्हणून लेखी मागणं हाच पहिला दरवाजा. पुढच्या सगळ्या प्रयोगांत इथे पोचेपर्यंत थांबायचं आणि मगच कायदा सांगायचा, आधी नाही. आधी सांगितला तर ती कायदेशीर साक्षरतेची सभा होते आणि लोक जांभया देतात.

प्रयोगानंतरची तयारी आधीच हवी. माणसं पेटून उठतात आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर एकटी जातात, हे होऊ देऊ नये. बाहेर पडायच्या दारापाशी टेबल ठेवलं होतं: कोऱ्या अर्जांचे नमुने, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागण्याचं पत्र, रक्ताच्या नात्यातल्या कुणाकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे का याची वंशावळ काढण्याचा तक्ता, आणि कागदच नसेल तर गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन चौकशी करण्याची, विनंती करणारा अर्ज. पुढच्या सोमवारी सगळ्यांनी एकत्र जायचं हेही तिथेच ठरलं. काहींचे अर्ज स्वीकारले गेले, काहींना लेखी त्रुटी मिळाल्या. ज्यांना त्रुटी मिळाल्या त्यांच्याकडे आता निदान उत्तर द्यायला कागद आहे.

खर्चाचं सांगायचं तर सगळ्यात मोठी रक्कम कलाकारांच्या दैनिक भत्त्याची, जवळपास निम्मा खर्च. मग प्रवास, मग संध्याकाळचा चहा-नाश्ता. वेशभूषा, नेपथ्य, बॅनर मिळून पाच हजारांच्या आत. अंदाजपत्रक करताना गट हे प्रमाण उलटं धरतात, प्रकाशयोजनेला पैसे ठेवतात आणि माणसांना चहा पाजतात. रोख भत्त्याच्या पावतीवर तारीख, सही किंवा अंगठा आणि कामाचं वर्णन असू द्या, लेखापरीक्षणाला तेच लागतं.

दसऱ्यानंतर टोळ्यांची बोलणी सुरू झाली तसं काम आवरतं घेतलं. ज्यांनी सांगितलं त्यांची ध्वनिमुद्रणं त्यांच्यासमोर पुसली, बाकीची बचतगटाच्या पेटीत पेन ड्राइव्हवर ठेवली. संहितेच्या प्रती तिथेच आहेत. तालुक्यातल्या दुसऱ्या एका गटाने नाटक मागितलं, तेव्हा बचतगटाने ठरवलेल्या अटी अशा: अर्ज बचतगटाच्या नावाने, प्रयोगाला 1,500 रुपये, कारकुनाची भूमिका करणाऱ्याने आधी वस्तीत येऊन तालीम पाहायची, आणि एखादं पान बदलायचं असेल तर मंडळाकडे पाठवण्याआधी ते वस्तीत वाचून दाखवायचं, मेमध्ये, सगळे परत आल्यावर.